मानशीपाशी

साडेसहाची फेरीबोट धरून आम्ही दिवाडीला उतरलो.
नऊजण, नऊ घडीची स्टुलं,
आणि पुण्याच्या एक बाई, कुंचल्यांची गुंडाळी
तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून.
मी ओळख करून दिली :
श्रीपाद गावणेकर, निवृत्त, भूमापन खातं.
कुणी काही बोललं नाही.
एकाने विचारलं, मग आता चित्रं कशी काय?

इझिल्डा तीन वर्षं चीनमधल्या डोंगरी खेड्यात शिकून आलेली.
म्हणाली, तिथे गुरुजी पहिला आठवडा नुसती शाई उगाळायला लावत.
मग म्हणत, समोर बघा.
मग म्हणत, आता जेवून घ्या.
आम्हाला बघायला तिने अर्धा तास दिला.
तीन दिवसांचे पैसे भरलेले होते.

मी बघत होतो, पण मला दिसत होते तुकडे.
छत्तीस वर्षांतली कितीतरी याच बेटावर काढली मी,
साखळी, फळी, लाल-पांढरी झेंडी घेऊन.
कोणाचा माड कोणाच्या हद्दीत,
बांध कुठवर कोमुनिदादीचा.
दोन भावांत पडलेली रेघ
मी नीट काळ्या शाईने पक्की करायचो.
माझा हात हलत नसे. खात्यात त्याचं नाव होतं.

खाजन निसवलं होतं.
नदीच्या बाजूला तिवरं, मध्ये मानस,
तिची जुनी लाकडी दारं, शेवाळाने जड झालेली.
पहिल्या कागदावर मी पट्टी न लावता क्षितिज ओढलं
आणि ते पट्टी लावून ओढल्यासारखं आलं.
इझिल्डा पाठीमागे बराच वेळ उभी.
"छान. पण यात पाणी कुठून येतं?"

दुसरा कागद तिने आधी भिजवायला लावला.
हिरवा टाकला तर तो शेजारच्या शेतात गेला,
तिथून बांधावर, बांधावरून आभाळात.
मी टिपकागद घेऊन त्याच्या मागे धावत होतो,
अतिक्रमण हटवावं तसा.

दहाच्या सुमारास कोन्सू आली,
डोक्यावर गवताचा भारा, हातात कोयता.
रांगेत बसलेली नऊ माणसं तिने पाहिली,
नऊ फळ्या, आणि सगळ्यांची तोंडं आपल्या शेताकडे.
"कोणाखातीर मापतात?"
मापत नाही गं, चित्र काढतो.
"पयलींय अशेंच सांगिल्लें."

त्या वेळी खुंटी कुणी मारली ते तिने विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.
गुलमोहरापासून सतरा मीटर.
गुलमोहर आता नाही.

भारा खाली ठेवून ती माझ्या कागदावर वाकली.
घाम आणि ओल्या गवताचा वास आला.
बोट न लावता तिने मानस दाखवली.
"दार उघडें कित्याक?"
मी म्हटलं, असंच, बरं दिसतं.
तिने नदीकडे हनुवटी केली.
भरती चढत होती, दारं आपसूक मिटत होती,
बाहेरचं पाणीच त्यांना आत लोटत होतं.
"तुजें दार उघडें. म्हजें शेत खारें जातलें."

एवढं साधं.
छत्तीस वर्षांत हे कुठल्या नकाशात आलं नव्हतं,
की या इथे एक दार आहे
आणि ते वेळेवर लागतं.

मी तपकिरी घेतला, थोडा काळा,
आणि कागद ओला असतानाच दार लावून घेतलं.
रेघ थरथरली. बाजूला पसरली.
कोन्सू पाहत राहिली, लागलं का नीट.
मग भारा डोक्यावर द्यायला मला हाक मारली.
जड होता. हाताचा हिरवा रंग
गवताला लागला, दिसला नाही.

संध्याकाळी बलकांवावर सगळी चित्रं मांडली.
पुण्याच्या बाईंचं आभाळ खरंच सुंदर होतं.
माझ्याकडे पाहून इझिल्डा म्हणाली, नाव घाला खाली.
सवयीने हात उजव्या कोपऱ्यात गेला
आणि लिहून बसला
प्रमाण :